कुरकुरणारी सीट आणि तात्पुरती माणसं

मराठीत ‘कुरकूर’ हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. जुनी खाट कुरकुरते, दार कुरकुरतं, बैलगाडी कुरकुरत चढ चढते. आणि घरातलं एखादं माणूसही कुरकुरतं. वस्तूच्या आवाजाला आणि माणसाच्या तक्रारीला भाषेने एकच शब्द दिला, यात मला शहाणपण दिसतं. दोन्हीकडे कुठेतरी काहीतरी घासत असतं आणि मधलं वंगण संपलेलं असतं. उपायही दोन्हीकडे तेच तीन सुचतात. एक, ऐकूच न आल्यासारखं करायचं. दोन, गप्प बसवायचं. तीन, नेमकं कुठे घासतंय ते शोधायचं. या तिन्हींत जो फरक आहे तो नुसता सोयीचा नाही, नीतीचा आहे, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. कारण विषय आहे गाडीच्या कुरकुरणाऱ्या सीटचा.

असं धरा, की तुम्ही शारजात राहता, कारण तिथे भाडं कमी, आणि नोकरी दुबईत. सकाळी लवकर निघूनही तासाभराचा ट्रॅफिक ठरलेला. इमारतीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना पहिल्या स्पीडब्रेकरवर सीट ‘कुईं’ करते. सिग्नलला ब्रेक दाबला की पुन्हा करते. पहिल्या आठवड्यात तुम्ही चिडता. दुसऱ्या आठवड्यात रेडिओचा आवाज थोडा वाढवता. महिन्याभराने तुम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही. मग एखाद्या दिवशी विमानतळावरून आणलेले काका मागे बसून विचारतात, “अरे, हे काय वाजतंय?” तेव्हा तुम्हाला आठवतं, की हे वाजतंय.

इथे ते वाजणं अगदी साहजिक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्या भट्टीत प्लॅस्टिक आणि रबर कडक होतं, लेदर सुकतं, ग्रीस पातळ होऊन ओघळतं किंवा वाळून जातं. मग आपण एसी पूर्ण सोडतो आणि सगळं एकदम गार करतो. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, म्हणजे रोज फुगायचं आणि आकसायचं. त्यात पिठासारखी बारीक धूळ. सीट ज्या दोन रेलवर पुढे-मागे सरकते, त्यांतल्या जुन्या ग्रीसमध्ये ही धूळ मिसळली की वंगणाचा घासकागद होतो.

घरच्या घरी दुरुस्ती करायची तर पहिला तास पाना हातात घ्यायचाच नाही. नुसतं ऐकायचं. गाडी सावलीत, बंद करून उभी करा. घरातल्या एकाला सीटवर बसवून डावी-उजवीकडे झुकायला सांगा, आणि तुम्ही मागच्या सीटवर बसून कान लावा. वजन एका कुशीवरून दुसरीवर गेलं की वाजतंय का? पाठ मागे रेलली की? की फक्त गाडी चालताना? सीटबेल्टचं बक्कल हाताने धरून ठेवा. आवाज थांबला तर निम्मं काम झालं. बक्कल आणि लेदर किंवा प्लॅस्टिक यांची घासाघीस हे फार नेहमीचं कारण आहे, आणि फेल्टच्या पट्टीचा एक तुकडा चिकटवून ते मिटतं. हेडरेस्ट काढून आवाज ऐका. दोन सीटच्या मधल्या कन्सोलला सीटची कड टेकते आहे का, ते बघा. टॉर्च घेऊन सीटखाली पाहा. तिथे खजुराच्या बिया, पार्किंगची तिकिटं, फिल्सची नाणी आणि मुलाच्या मोज्याची हरवलेली जोडी सापडेल. कधी कधी सगळा आवाज त्या एका नाण्याचा असतो.

एवढं करूनही आवाज रेलमधूनच येत असेल, तर सीट पूर्ण पुढे घ्या, मागचा भाग व्हॅक्यूमने साफ करा, जुनं काळं ग्रीस जुन्या बनियनच्या फडक्याने पुसून काढा. मग सीट पूर्ण मागे घेऊन पुढचा भाग तसाच. पांढरं लिथियम ग्रीस बोटावर घेऊन पातळ लावा आणि सीट आठ-दहा वेळा पुढे-मागे सरकवा. लेदर सुकलं असेल तर त्याला लेदर कंडिशनर. सीट सहसा चार बोल्टनी जमिनीला धरलेली असते. ते सैल वाटले तर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणाइतकेच आवळायचे, अंगातला जोर दाखवायचा नाही. सीट उपटून काढण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. तिच्याखाली एअरबॅगच्या आणि सेन्सरच्या वायरी असतात, बहुधा पिवळ्या वेष्टनातल्या; तो भाग माहीतगाराचा. आणि बोल्ट आवळूनही सीट हलत असेल, किंवा सांगाड्याला चीर दिसली, तर तिथे घरचा उद्योग संपतो. सरळ गॅरेज गाठायचं.

आता स्प्रेबद्दल. प्रत्येक घरात तो निळा-पिवळा डबा असतो. डब्ल्यूडी-४० या नावाचा अर्थ आहे पाणी हटवणाऱ्या द्रवाचा चाळिसावा प्रयोग. १९५३ साली सॅन डिएगोतल्या रॉकेट केमिकल कंपनीत तो तयार झाला. गंजलेला बोल्ट सोडवायला तो उत्तमच. पण रेलवर दिवसेंदिवस टिकून राहील असं जाड वंगण म्हणजे तो नव्हे. फवारला की आवाज लगेच बंद होतो आणि आपण खूश होतो. मग पातळ द्रव उडून जातो, उरलेल्या ओलीवर नवी धूळ बसते आणि काही दिवसांनी कुरकूर परत येते. गप्प बसवणं आणि दुरुस्त करणं यांतला फरक समजावून सांगायला यापेक्षा स्वस्त उदाहरण मिळणार नाही.

हे सगळं होऊ शकतं एका शनिवारी सकाळी, फारशा खर्चाशिवाय. तरीही बहुतेक जण करत नाहीत. आळस हे कारण आहेच, पण आखातातल्या माणसाकडे त्याहून चांगलं, भारदस्त कारण तयार असतं: “कशाला? विकायचीच आहे की.”

या वाक्यापाशी जरा थांबू या. संयुक्त अरब अमिरातीत दर दहा माणसांमागे जवळपास नऊ परदेशी आहेत. आपला व्हिसा नोकरीला बांधलेला आणि बहुतेकांचा दोन वर्षांचा. २०१९पासून दहा वर्षांचा गोल्डन व्हिसाही आला, पण मुदत त्यालाही आहेच. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली माणसं इथे वीस-वीस वर्षं दोन-दोन वर्षांनी राहतात. भिंतीला खिळा मारत नाहीत, कारण घर सोडताना मालक डिपॉझिट कापेल. चांगली कढई घेत नाहीत, कारण ती न्यायची कशी. बॅगा कपाटावर हाताशी ठेवलेल्या. अशा जगण्यात ‘विकायचीच आहे’ हे फक्त गाडीबद्दल राहत नाही. ते सगळ्यालाच लागू पडतं. हे तुम्ही न्यू जर्सीत एच-वन-बीवर असाल किंवा म्युनिकमध्ये भाड्याच्या घरात असाल तरी ओळखीचंच वाटेल. मुक्काम तात्पुरता, म्हणून काळजीही तात्पुरती. प्रश्न इतकाच, की या ‘म्हणून’ला काही आधार आहे का?

जे कायद्यात बसतं ते आपण करतोच. गाडी काही वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाआधी दर वर्षी तपासणी होते: ब्रेक, टायर, दिवे. धुळीने माखलेली गाडी सार्वजनिक जागी बेवारस सोडली तर दुबईत ५०० दिरहम दंड आहे, म्हणून भारतात सुट्टीवर जातानाही आपण गाडी पुसायची व्यवस्था करून जातो. पण सीटच्या कुरकुरीला दंड नाही. तो आवाज फक्त आत बसलेल्यालाच ऐकू येतो. म्हणूनच नीतीचा प्रश्न तिथून सुरू होतो. बाहेरची धूळ पाहायला पालिका समर्थ आहे. आतली कुरकूर ऐकायची तर ती आपणच.

आणि ती कुरकूर निरुपद्रवी आहे हे आपल्याला ठाऊक कुठे असतं? बक्कल घासतंय की बोल्ट सैल झालाय, हे आवाजावरून कळत नाही. वाकून पाहावं लागतं. पहिल्यात नुसता त्रास आहे, दुसऱ्यात धोका. अपघातात माणसाला धरून ठेवणारा पट्टा शेवटी सीटवर विसंबून असतो. रेडिओचा आवाज वाढवणारा माणूस ‘काही बिघडलेलं नाही’ असं ठरवत नाही. ‘मला कळून घ्यायचं नाही’ एवढंच ठरवतो. माझ्या मते दोष इथे आहे. दुरुस्ती न करणं एक वेळ समजू शकतं: पैसे नसतात, वेळ नसतो, हात चालत नाही. पण कळून घ्यायलाच नकार देणं हे यांपैकी कशातच बसत नाही.

‘विकायचीच आहे’मध्ये एक माणूस लपलेला असतो. तो म्हणजे विकत घेणारा. रास अल खोरच्या अल अवीर बाजारात किंवा शारजाच्या सूक अल हराजमध्ये रोज किती गाड्या हात बदलतात ते तिथे गेल्यावर कळतं. कुणी नोकरी गेली म्हणून विकतो, कुणी मुलांच्या शिक्षणासाठी परत चाललाय म्हणून. घेणारा बहुधा नुकताच आलेला असतो, पहिल्या पगारांतून साठवलेले पैसे घेऊन. नंतर तीच गाडी कदाचित आफ्रिकेत किंवा मध्य आशियात जाते. इथल्या जुन्या गाड्यांची निर्यात हा मोठा धंदा आहे. म्हणजे आपण जिचे तात्पुरते मालक आहोत, तिला आपल्यानंतर बरंच आयुष्य आहे. तिच्या मागच्या सीटवर कुणाची तरी मुलं बसणार आहेत. गिऱ्हाईक यायच्या आदल्या रात्री स्प्रे मारून सीट गप्प करणारा माणूस खोटं एकही वाक्य बोलत नाही. त्याच्यासाठी खोटं बोलायचं काम सीट करते.

मग विकण्याआधी प्रत्येकाने गाडी नवी करून द्यावी का? नाही. जुनी वस्तू जुन्या किमतीला जाते, त्यात गैर काही नाही. किमान एवढं: एक तर दुरुस्त करा, नाही तर सांगा. “डावीकडे झुकलं की आवाज येतो, बक्कलचा आहे, बोल्ट पाहिलेत, घट्ट आहेत,” हे एक वाक्य. यासाठी आवाज कशाचा हे आधी माहीत पाहिजे, म्हणजे वाकून पाहिलेलं पाहिजे. प्रामाणिकपणाला कष्ट लागतात ते असे. ज्याने पाहिलंच नाही त्याला खरं सांगण्याची सोयच उरत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. “मी का वाकू? अल कूझमध्ये, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, अबू धाबीच्या मुसफ्फात गल्लोगल्ली गॅरेजं आहेत. तिथला मेकॅनिक हे अर्ध्या तासात करेल. त्याला काम मिळेल, माझा वेळ वाचेल.” बरोबर आहे. स्वतःच्या हाताने करणं म्हणजेच पुण्य, असं मी म्हणणार नाही. मेकॅनिकच्या पोटावर पाय देऊन मिळवलेलं स्वावलंबन काय कामाचं? पण गाडीची किल्ली काउंटरवर ठेवून “जरा बघ काय वाजतंय” म्हणणं आणि “पाठ रेलल्यावर उजव्या रेलमधून आवाज येतो” असं सांगणं यांत फरक आहे. पहिल्यात आपण काम दिलं आणि लक्षही देऊन टाकलं. दुसऱ्यात काम दिलं, लक्ष आपल्याकडेच ठेवलं. मजुरी देता येते, लक्ष दुसऱ्याकडून विकत घेता येत नाही. आणि एकदा स्वतः दहा मिनिटं सीटखाली मान मुरडून पाहिलं, की मेकॅनिकच्या बिलाशी घासाघीस करायची हौस आपोआप कमी होते. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. ती का असावी लागते, हे त्या दहा मिनिटांत अंगाला कळतं.

अमेरिकेतल्या वाचकांना ‘दुरुस्तीचा हक्क’ हा शब्दप्रयोग परिचित असेल. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली मतदारांनी कौल दिला, की गाडी दुरुस्त करण्यासाठी लागणारी माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजे. हक्क मिळायलाच हवा. पण हक्काच्या आधी एक साधी गोष्ट लागते: दुरुस्त करावंसं वाटणं. ती कायद्याने येत नाही.

ती कुठून येते याचा शोध घेताना मला दोन गोष्टी आठवतात. दोन्ही आपल्याच आहेत.

पहिली पोळ्याची. सणाच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी होते. वर्षभर जिथे जू घासलं, त्याच जागी हळद आणि तूप चोळतात. झूल, बाशिंगं, मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी घासलेली जागा. आपण इथे दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, फोटो गावी पाठवतो. सुंदर प्रथा आहे, चालू राहावी. फक्त मिरवणूक राहिली आणि खांदमळणी सुटली, एवढंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सीटच्या रेलला ग्रीस लावणं ही माझ्या लेखी हाराइतकीच पूजा आहे.

दुसरी गोष्ट गाडगेबाबांची. १८७६ साली जन्मलेला हा माणूस १९५६ साली जाईपर्यंत फिरत राहिला. गावात शिरायचं, हातातल्या खराट्याने गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. ज्या गावात आपण उद्या असणार नाही, ते गाव आज झाडायचं. त्यांच्यापेक्षा तात्पुरता मुक्काम कुणाचा असेल? आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्या गावाची काळजी कुणी घेतली असेल? त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या त्याही येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासारख्या मुक्कामी लोकांसाठी. बाबांच्या खराट्यापुढे ‘विकायचीच आहे’ हे वाक्य उभं राहत नाही. किती दिवस राहणार, यावरून किती जपायचं हे ठरवायचं असतं, तर त्यांनी खराटा कधीच उचलला नसता.

मला वाटतं, उलटाच हिशेब जास्त खरा आहे. जे कायम आपलं आहे, त्याची हेळसांड आपल्यालाच भोवते. तिथे स्वार्थ तरी शहाणपण शिकवतो. जे आपल्याकडून पुढे जाणार आहे, त्याची हेळसांड दुसऱ्याला भोवते. म्हणून जपण्याची खरी परीक्षा तात्पुरत्या गोष्टींतच होते.

आणि हे फक्त वस्तूंपुरतं थांबत नाही. पहाटे बेसमेंटमध्ये बादली आणि फडकं घेऊन गाडी पुसणारा माणूस तुम्हाला पार्किंगच्या नंबरावरून ओळखतो. तुम्ही त्याला महिन्याच्या पैशांवरून. इमारतीचा नातूर, सोसायटीच्या ग्रोसरीतून सामान आणणारा मुलगा, आपल्या ऑफिसात कंत्राटावर आलेला नवा पोरगा, हे सगळे जाणारे आहेत, म्हणून त्यांची कुरकूर आपण रेडिओ वाढवून ऐकत नाही. “दोन वर्षांनी जाईलच की.” पण आपणही कुणाच्या तरी कागदावर दोन वर्षांनी जाणारेच आहोत. एखाद्या मॅनेजरने आपलं म्हणणं त्याच कारणासाठी ऐकून सोडून दिलं, की ते किती टोचतं, हे परदेशात राहणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सीट दुरुस्त करणारा माणूस या सगळ्यांशी चांगलं वागेलच, असं काही नाही. ग्रीस लावल्याने कुणी संत होत नाही. पण आवाज आला की आधी थांबून ‘कुठे घासतंय?’ हे विचारायची सवय एकच असते, ती सीटसाठी वेगळी आणि माणसासाठी वेगळी नसते. तिचा सराव गाडीवर केलेला बरा, कारण गाडी रागावत नाही आणि चूक झाली तर पुन्हा संधी देते.

तेव्हा या शनिवारी, ऊन चढायच्या आत, खाली पार्किंगमध्ये जाऊन या. जुना बनियन, टॉर्च आणि घरातलं एक माणूस सोबत घ्या. कदाचित फक्त एक नाणं सापडेल. ते सापडलं तरी पुरे. विकताना तुम्हाला सांगता येईल, की आवाज कशाचा होता.